ओढ्याकाठचा स्टुडिओ प्रोजेक्ट कसा करायचा आणि ज्युरीत कसं टिकायचं

दर सेमिस्टरला आर्किटेक्चरच्या पोरांचा तोच मेसेज येतो, "ताई, नाल्यावर प्रोजेक्ट घेतलाय, सस्टेनेबल करायचाय, कन्सेप्ट सुचव ना." कन्सेप्ट मी सुचवत नाही. नाल्याच्या प्रोजेक्टमधे कन्सेप्ट शेवटी येतो, आधी येतं पाणी. किती येतं, कुठून येतं, कधी येतं आणि त्यात काय मिसळलेलं असतं, एवढं कळलं की अर्धं डिझाइन तिथंच ठरतं, आणि नाही कळलं तर कितीही भारी रेंडर (कॉम्प्युटरवरचं रंगीत चित्र) काढा, ज्युरीत, म्हणजे काम तपासणाऱ्यांसमोर, कोणीतरी शांतपणे एकच प्रश्न विचारतं आणि सगळी शीटं बोंबलतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. उदाहरणं पुण्यातली आहेत, जास्त करून आंबिल ओढ्याची, पण नाशिक असो, कोल्हापूर असो की संभाजीनगर, पद्धत हीच.

साइट छोटी घ्या, अभ्यास मोठा करा

"उगमापासून संगमापर्यंत नदी पुनरुज्जीवन" असं शीर्षक दिसलं की मला धडकी भरते. एका सेमिस्टरमधे, बाकीचे विषय आणि वर्किंग ड्रॉइंग सांभाळून, हे कोणाच्याच्याने होत नाही, मग शेवटी अख्ख्या नदीवर हिरवा मार्कर फिरवलेला एक प्लान तेवढा उरतो. चारशे-पाचशे मीटरचा तुकडा घ्या. एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत घेतलात तर फारच उत्तम, कारण पूल म्हणजे पाण्याचा गळा असतो आणि डिझाइनचे खरे प्रश्न तिथेच अडकलेले असतात.

पण अभ्यास मात्र त्या तुकड्याच्या वरच्या पूर्ण पाणलोटाचा करायचा. आंबिल ओढाच बघा ना. कात्रजच्या डोंगरातून निघतो, कात्रजच्या तलावांतून पुढे धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर करत पर्वतीच्या पायथ्याने दांडेकर पुलाकडे येतो आणि मुठेला मिळतो. तुम्ही साइट घेणार दांडेकर पुलाजवळ आणि अभ्यास करणार फक्त दांडेकर पुलाजवळचा, तर कात्रजच्या उतारावर काय झालंय ते तुम्हाला कळणारच नाही, आणि ओढ्याचं पाणी तर तिथूनच येतंय. शिवाय ह्या ओढ्याचा आजचा मार्ग मूळचा नाहीये, पेशवाईत नानासाहेबांच्या काळात तो वळवला गेला, पर्वतीखाली तळं केलं, आता आपण भेळ खायला जातो ती सारसबाग त्याच तळ्याच्या जागी आहे, आणि कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने पेठांमधल्या हौदांत आणि शनिवारवाड्यापर्यंत आणलं होतं. म्हणजे ह्या शहरात पाणी हलवण्याचं काम पावणेतीनशे वर्षं चाललंय. तुमच्या शीटवर "नैसर्गिक प्रवाह पूर्ववत करणे" असं लिहायच्या आधी कुठल्या सालातला नैसर्गिक, हे स्वतःला विचारा.

आणि २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. त्या रात्री कात्रज बाजूला प्रचंड पाऊस झाला आणि हाच ओढा घराघरात शिरला, गाड्या वाहून गेल्या, अरण्येश्वरजवळच्या वस्तीत भिंत पडून माणसं गेली, पुणे आणि आसपास मिळून वीसच्या वर बळी गेले. ह्या ओढ्यावर प्रोजेक्ट करताय आणि शीटवर ही तारीख नाही, असं चालणार नाही.

नकाशे: फुकट खूप मिळतं, पण कुठे थांबायचं ते ओळखा

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा, फुकट आहे. उंचीचा डेटा एसआरटीएमचा किंवा इस्रोच्या भुवनवरचा कार्टोडेम घ्या, दोन्ही साधारण ३० मीटरचे. त्यातून पाणलोटाची हद्द, उतार, पाण्याच्या वाटा एका संध्याकाळी निघतात, यूट्यूबवर ढिगाने ट्यूटोरियल आहेत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर जुने ओढे दिसतात, ते आजच्या सॅटेलाइट फोटोवर टाकून बघा, किती ठिकाणी निळी रेघ जाऊन सोसायटीचं पार्किंग आलंय ते लगेच कळतं. गूगल अर्थ प्रोमधे मागची वर्षं बघायची सोय आहे, ती वापरून साधारण २००५ पासूनची चित्रं काढा आणि एकाच स्केलला शेजारी शेजारी लावा. ह्या एका शीटला ज्युरीत जेवढा वेळ मिळतो तेवढा रेंडरला मिळत नाही, स्वतः बघितलंय.

आता जिथे सगळे गंडतात ती गोष्ट. ३० मीटरचा डेटा म्हणजे ३० बाय ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची. तुमचा ओढा आठ मीटर रुंद आहे. म्हणजे त्या डेटात तुमचा ओढा दिसतच नाही! त्यावरून अर्ध्या मीटरचे कॉन्टूर (समान उंचीच्या रेषा) काढून साइट प्लानवर टाकणारे असतात, ते कॉन्टूर म्हणजे सॉफ्टवेअरने रचलेली गोष्ट आहे. पाणलोटासाठी तो डेटा ठीक, साइटसाठी लेव्हल, म्हणजे जागोजागच्या उंच्या, स्वतः घ्यायच्या. कॉलेजच्या सर्व्हे लॅबमधे ऑटो लेव्हल धूळ खात पडलेलं असतं, सरांना पत्र देऊन घ्या, नाहीच मिळालं तर गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी, दोन टेप आणि तीन माणसं एवढ्यावर दर पंचवीस मीटरला एक क्रॉस सेक्शन (ओढ्याचा आडवा छेद) निघतो. दोन्ही काठ, तळ, भिंत, पलीकडचा रस्ता, पहिल्या घराचा उंबरा. उंबऱ्याची लेव्हल विसरू नका, पूर आला की तीच कामाची.

पूररेषाही टाका. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नदीला निळी आणि लाल रेषा आखतो, निळी म्हणजे ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला. छोट्या ओढ्यांना बऱ्याचदा अशी रेषाच आखलेली नसते, तेव्हा लोकांना विचारून स्वतः आखायची, ते खाली येतंच. जमीन कोणाची आहे तेही बघा, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आणि डीपीमधे (शहराच्या विकास आराखड्यात) तिथे कसलं आरक्षण आहे. खासगी प्लॉटवर सार्वजनिक ॲम्फीथिएटर काढलेलं मी इतक्यांदा बघितलंय की आता हसूही येत नाही.

साइटवर जाताना

एकटं जाऊ नका, दोघं-तिघं जा, गमबूट घाला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या आणि पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका, लेप्टो (घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) हा काही विनोद नाही. पावसाळ्यात, वर डोंगरात ढग दिसत असताना पात्रात उभं राहून फोटो काढायचा नाही, तुमच्याकडे ऊन असलं तरी. वरून येणारं पाणी काही मिनिटांत चढतं.

एकदा सकाळी सहा-सातला जा, एकदा भर दुपारी, एकदा दिवेलागणीला. तीन वेळांना साइट तीन वेगळ्या असतात. सकाळी कचरा कुठे टाकला जातो ते दिसतं, दुपारी सावली कुठे आहे आणि तिथे कोण बसतं, संध्याकाळी क्रिकेट कुठे चालतं आणि बायका कुठून जायचं टाळतात. कोणत्या झाडाखाली रिक्षावाले जेवतात, शेळ्या कुठे चरतात, गणपतीच्या वेळी हौद कुठे लागतो, हे सगळं बेस मॅपवर आलं पाहिजे. लोकांना गूगल फॉर्म पाठवू नका प्लीज. "आपण ह्या परिसरातील हरित क्षेत्राबद्दल किती समाधानी आहात, एक ते पाच" ह्याचं उत्तर देऊन कोणाचं भलं झालंय?

त्यापेक्षा सरळ विचारा, "मावशी, २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलेलं?" मावशी भिंतीवर हात लावून दाखवतात. तिथे खडूने खूण करा, लेव्हल घ्या, फोटो काढा, पुढच्या घरी जा. अशा दहा-पंधरा खुणा जमल्या की तुमच्याकडे स्वतःची पूररेषा तयार होते, जी कुठल्याच वेबसाइटवर नाही. सोबत मुकादमाला गाठा, नालेसफाई कधी होते, जेसीबी कुठून उतरतो, गाळ कुठे टाकतात हे त्यांना तोंडपाठ असतं. "स्वच्छ" ह्या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई असतात, त्यांना कोणत्या कोपऱ्यात कोणता कचरा येतो ते तुमच्या कुठल्याही सर्व्हेपेक्षा जास्त माहिती असतं. फोटो काढायच्या आधी विचारायचं, आणि लोकांची घरं शीटवर टाकताना "एनक्रोचमेंट" असा लाल शिक्का मारायचा नाही. आंबिल ओढ्याच्या काठी जून २०२१ मधे घरं पाडली गेली तेव्हा भर पावसाळ्यात लोक रस्त्यावर आले होते. तुमच्या प्लानवर घरांवरून एक बाण बाहेर जातो आणि खाली "रिलोकेशन" लिहिलेलं असतं, त्या बाणाच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते दाखवता येत नसेल तर बाण काढू नका. घरं ठेवून डिझाइन करणं अवघड असतं, पण शिकायला त्यातच मिळतं.

आता गणित, पळू नका

आर्किटेक्चरला गणित नको म्हणून आलेले बरेच असतात, माहितीये. पण हे आठवीचं आहे.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिमी पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. हजार चौरस मीटरच्या पार्किंगवर २५ मिमीची एक सर आली तर २५ हजार लिटर, म्हणजे २५ घनमीटर. त्याला तुम्ही शंभर चौरस मीटरचं रेन गार्डन (पावसाचं पाणी साठवून मुरवणारा झाडांचा खोलगट वाफा) दिलं आणि त्यात १५ सेंटीमीटर पाणी उभं राहू दिलं तर झाले १५ घनमीटर, उरलेले दहा मातीत मुरले तर ठीक, नाहीतर ओव्हरफ्लो कुठे जातो ते दाखवा. एवढं लिहिलं की तुमच्या शीटवरचा गोड हिरवा ठिपका खरा वाटायला लागतो.

ओढ्यात जास्तीत जास्त किती पाणी येईल ते काढायला रॅशनल मेथड. क्यू बरोबर सी गुणिले आय गुणिले ए, भागिले ३६०. सी म्हणजे किती पाणी वाहून जातं तो गुणांक, आय म्हणजे पावसाचा जोर मिमी प्रति तास, ए म्हणजे पाणलोट हेक्टरमधे, आणि उत्तर येतं घनमीटर प्रति सेकंद. समजा तुमच्या छोट्या उपओढ्याचा पाणलोट २०० हेक्टर, जोर तासाला ६० मिमी, आणि वर बरीच इमारत-रस्ते आहेत म्हणून सी ०.६ धरला. ०.६ गुणिले ६० गुणिले २००, भागिले ३६०, आलं २० घनमीटर प्रति सेकंद. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहतंय असं धरलं तर त्याला १० चौरस मीटरचा काटछेद लागतो, म्हणजे पाच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल. आता साइटवर जाऊन बघा, रस्त्याखाली १.२ मीटर व्यासाचे दोन पाइप टाकलेत. दोन्हीचं मिळून क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटर. झालं, पूर का येतो ते कळलं, आणि ह्यासाठी कन्सल्टंट लागला नाही.

मग तोच पाणलोट जुन्या काळी झाडझाडोऱ्याचा होता म्हणून सी ०.३ धरून बघा, पाणी निम्म्यावर, १० घनमीटर. म्हणजे ओढा अरुंद झाला ही अर्धीच गोष्ट, वरची जमीन काँक्रीटची झाली ही उरलेली अर्धी, आणि म्हणूनच तुमच्या डिझाइनचा एक भाग साइटच्या बाहेर, वर पाणलोटात असायला हवा. शाळेचं मैदान, सोसायट्यांचे पार्किंग, टेकडीच्या पायथ्याचे चर. गाइड म्हणतील स्कोपच्या बाहेर चाललंय, तर त्यांना हे दोन आकडे दाखवा. ही मेथड लहान पाणलोटासाठीच वापरायची हां, अख्ख्या आंबिल ओढ्याला लावून बसू नका, आणि पावसाचा जोर निवडताना पाणलोटाच्या टोकावरून पाणी साइटपर्यंत यायला किती वेळ लागतो तेवढ्या वेळाचा जोर घ्यायचा असतो, दिवसाच्या पावसाला चोवीसने भागून नाही.

सांडपाणी, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही

मे महिन्यात ओढ्यात जे वाहतं ते पाणी नसतं, तुमचं-आमचं बाथरूम असतं. आणि मुलं त्याच्या काठावर पायऱ्या काढतात, त्यावर एक गोरी बाई फुगा घेतलेल्या मुलाबरोबर बसलेली. अरे वास येतो तिथे!

मग कोणीतरी सांगतं की वेटलँड (पाणथळ) टाका, झाडं पाणी साफ करतात. करतात, नक्की करतात, नागपूरच्या नीरी ह्या पर्यावरण संशोधन संस्थेने फायटोरिड नावाची पद्धत ह्यावरच बसवलीये, खडीच्या थरातून सांडपाणी हळूहळू जातं, खडीवरचे आणि मुळांभोवतीचे जीवाणू काम करतात. पण जागा किती लागते ते काढा. माणशी १३५ लिटर पाणी, त्याचं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे १०८ लिटर. दहा लाख लिटर, ज्याला आपण एक एमएलडी म्हणतो, ते झालं साधारण सव्वानऊ हजार माणसांचं. हे पाणी एक दिवस थांबवायचं तर १००० घनमीटर जागा हवी, खडीत पोकळी साधारण ४० टक्के म्हणून २५०० घनमीटरचा बेड, खोली ८० सेंटीमीटर धरली तर तीन हजार चौरस मीटरच्या वर. फक्त एक एमएलडीसाठी, आणि त्याआधी गाळ बसवायची टाकी वेगळी. तुमच्या ओढ्यात पाच एमएलडी वाहतंय आणि तुम्ही दोनशे चौरस मीटरचं कमळाचं तळं काढून "वॉटर प्युरिफिकेशन झोन" लिहिलंय, तर ती फसवणूक आहे, भले ॲक्वा रंगात असो. खरं उत्तर बहुतेक वेळा असं असतं की मुख्य सांडपाणी काठाने ड्रेनेज लाइनमधे घालून एसटीपीला (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला) पाठवायचं, आणि सांडपाणी ओढ्यात पडतं अशा ज्या एक-दोन आउटफॉलला लाइन पोचत नाही तेवढ्यापुरतं वेटलँड. दिसायला कमी भारी, पण उभं राहतं.

पूर येतो तेव्हा ते वेटलँड वाहून जाऊ नये म्हणून पात्रात नाही, बाजूला करायचं, हे सांगायला नको. पण सांगते, कारण निम्मे पात्रातच काढतात.

केस स्टडी कॉपी करायची नसते

तीन केस स्टडी हमखास असतात: सिंगापूरचं बिशान पार्क, सोलचं चोंग्येचॉन, आणि आपली साबरमती. तिन्ही घ्या, पण प्रत्येकाला विचारा की पाणी कुठून येतं.

बिशानमधे कल्लांग नदीचा २.७ किलोमीटरचा काँक्रीट कालवा फोडून ३ किलोमीटरच्या वर वळणावळणाची नदी केली, २०१२ ला पार्क खुलं झालं, ६२ हेक्टर. अप्रतिम काम आहे. पण सिंगापूरला वर्षाला दोन हजार मिमीच्या वर पाऊस, तोही बारा महिने, आणि सांडपाणी वेगळ्या पाइपात. पुण्याचा ओढा आठ महिने कोरडा, निदान असायला हवा. तिथली हिरवीगार नदी इथे काढली तर एप्रिलमधे टँकरने भरणार का? सोलमधे हायवे पाडून २००५ ला जो प्रवाह खुला केला त्यात हान नदीतून पंपाने पाणी सोडतात, रोज, विजेवर. साबरमतीत जे तुडुंब दिसतं ते नर्मदेच्या कालव्याचं पाणी आहे. हे वाईट की चांगलं ते तुम्ही ठरवा, पण लिहा तरी. आणि पुण्यातल्या मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पावरून इतकी वर्षं भांडण चालू आहे, त्याच्या दोन्ही बाजू वाचा, पालिकेचा अहवाल आणि विरोध करणाऱ्यांचे आक्षेप, त्यातून पूरपातळी, झाडं, काठाची भर ह्याबद्दल जे शिकाल ते कुठल्या लेक्चरला मिळणार नाही.

जवळची उदाहरणं बघा ना. संभाजीनगरची खाम नदी बघायला एसटीने जाऊन येता येतं. बंगळुरूमधे के-१०० नावाने एका राजकालुवेवर (तिथल्या जुन्या मोठ्या नाल्यावर) काम झालंय. चुका, डागडुजी, लोकांनी लावलेली कुलपं, सगळं प्रत्यक्ष दिसतं. फोटोतल्या प्रोजेक्टला कुलपं नसतात.

डिझाइन: सेक्शनवर करा, प्लानवर नाही

ओढ्याचं डिझाइन म्हणजे सेक्शनचं डिझाइन. एक ते शंभर स्केलला सेक्शन काढा आणि त्यावर तीन पातळ्या टाका: मे महिन्याची, नेहमीच्या पावसाची आणि पुराची. मग प्रत्येक पातळीला काय बुडतं, काय उघडं राहतं ते ठरवा. खालचा टप्पा दर वर्षी बुडणार, तिथे दगड, गवत, वाळा. मधला कधीतरी बुडणार, तिथे चालायची वाट, खेळायची जागा, जिथे गाळ बसला तरी पाइपने धुता येईल. वरचा कोरडा, दिवे, विजेचे बॉक्स, शौचालय सगळं तिथे. उभं स्केल वाढवून सेक्शन नाट्यमय करायचा मोह होतो, करायचाच असेल तर तसं लिहा.

उतरायला जागा द्या म्हणजे रॅम्प आलाच. रॅम्पचा उतार जास्तीत जास्त एकास बारा. तीन मीटर खाली जायचं तर ३६ मीटर रॅम्प अधिक मधले लँडिंग. तुमच्या प्लानवर आठ मीटरचा रॅम्प काढलाय, ती घसरगुंडी आहे.

आणि जेसीबी. हे मी प्रत्येक ज्युरीत विचारते. दर वर्षी पावसाळ्याआधी नालेसफाई होते, जेसीबी खाली उतरतो, गाळ काढतो, डंपर भरतो. तुमच्या डिझाइनमधे तो कुठून उतरणार? साडेतीन-चार मीटरची पक्की वाट आणि खाली वळायला जागा दिली नाहीत तर तो तुमच्या गॅबियनवरून (जाळीत भरलेल्या दगडांच्या भिंतीवरून), वाळ्यावरून आणि मोझॅकच्या बेंचवरून उतरणार, पहिल्याच मे महिन्यात. गाळ सुकवायला काठावर जागा ठेवा, एरवी तिथे बाजार भरू दे. एक छोटी शीट मेंटेनन्सची काढा, बारा महिने आडवे, कामं उभी, आणि प्रत्येक कामासमोर कोण करणार ते. "स्थानिक समुदाय" असं लिहून सुटू नका.

मुरवायचं म्हणताय तर खड्डा खणून बघा. हातभर खोल खड्डा, पाणी भरा, जिरू द्या, परत भरा आणि तासाभरात किती उतरलं ते मोजा. पुण्याखाली बेसॉल्ट आहे, कुठे मुरूम, कुठे काळी माती जी ओली झाली की फुगून बसते आणि पाणी सोडत नाही. साठलेलं पाणी ४८ तासांत गेलं पाहिजे, नाहीतर तुमचं रेन गार्डन म्हणजे डेंग्यूचा पाळणा. मुरत नसेल तर खाली छिद्रांचा पाइप टाकून हळू सोडा, तेही चालतं, पुराचा जोर तर कमी होतो.

झाडांची यादी सिनियरच्या शीटवरून उचलू नका. काठाला करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, वाळुंज, ओलीत पाणकणीस, लव्हाळे, वाळा, वेखंड. वर उतारावर पळस, पांगारा, काटेसावर, बहावा, हिवर. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेचा, आहेत ते राहू द्यात, सावली देतात बिचारे, पण नवीन लावताना कशाला. गिरिपुष्प आणि सुबाभूळ ह्यांनी आपल्या टेकड्यांचं काय केलंय ते वेताळ टेकडीवर जाऊन बघा. कोनोकार्पसवर गुजरातने २०२३ मधे बंदी घातली, तरी हिरवी भिंत म्हणून शीटवर येतोच. साइटवरच्या मोठ्या झाडांना नंबर द्या, घेर मोजा, आणि बुंध्याभोवती निदान एक मीटर फरसबंदी नको, एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) दिल्लीत २०१३ ला हेच सांगितलेलं. रोपं मिळतात का ते सामाजिक वनीकरणाच्या नर्सरीत फोन करून विचारा, प्लानवरची निम्मी नावं तिथेच गळतात.

शीट आणि ज्युरी

क्रम असा ठेवा की पाणलोट, मग साइट, मग लोक आणि पूररेषा, मग आकडे, मग सेक्शन, मग प्लान, डिटेल, आणि रेंडर सगळ्यात शेवटी एक किंवा दोन. त्यातला एक मे महिन्यातला आणि एक जुलैमधला असू द्या, त्याच कोनातून. माणसं आपली टाका, पिशवी घेतलेले आजोबा, युनिफॉर्ममधली पोरं. टेक्स्ट कमी, पण प्रत्येक आकड्याखाली कुठून घेतला ते बारीक अक्षरात. उत्तर दिशा आणि स्केल बार राहिला तर बोलणी खाणारच, ती तुमची चूक.

ज्युरीत सुरुवात इतिहासापासून करू नका, कोणाला वेळ नसतो. "वरून वीस घनमीटर येतं, पुलाखालून पाच जातं, ह्या पंधराचं मी काय केलं ते दाखवते," असं पहिलं वाक्य टाका, समोरचे मोबाइल खाली ठेवतात. माहीत नसलेलं विचारलं तर माहीत नाही म्हणा आणि कसं शोधणार ते सांगा. आणि "सस्टेनेबल" हा शब्द पूर्ण प्रेझेंटेशनमधे एकदाही न वापरता बोलून बघा, घरी आरशासमोर, काय उरतं ते लगेच समजतं.

प्रोजेक्ट झाला की नासाच्या (आर्किटेक्चर विद्यार्थ्यांच्या देशभरच्या संघटनेच्या) मोहम्मद शाहीर लँडस्केप ट्रॉफीचं किंवा हुडको ट्रॉफीचं ब्रीफ काढून बघा, बरीच कॉलेजं ह्याच कामाला थोडं वाढवून पाठवतात, फक्त ब्रीफ त्या वर्षीचं नीट वाचा. मावश्यांनी दाखवलेल्या खुणांचा नकाशा मराठीत, ए-थ्रीवर प्रिंट करून वस्तीतल्या मंडळाला आणि क्षेत्रीय कार्यालयात एकेक कॉपी द्या, इनवर्डचा शिक्का घ्या, पोर्टफोलिओत तो शिक्कासुद्धा छान दिसतो. आणि मला पाठवणार असाल तर पीडीएफ दहा एमबीच्या आत करा, शंभरची फाइल फोनवर उघडत नाही.